मागच्या आसनावर कोण बसणार?

बेळगावच्या कॅम्प भागातील एका वाचकबंधूंचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या हाती आले. पत्र चांगले चार पानी असून त्यांतील साडेतीन पाने यंत्राच्या वर्णनाने भरलेली आहेत. हे गृहस्थ उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरीस आहेत. वडिलांच्या हातची, १९९० च्या सुमाराची एक बुलेट त्यांच्या दारात उभी आहे. ती विकण्याची त्यांची इच्छा नाही, आणि आम्हीही तसा सल्ला देणार नाही. आता त्यांस दुसरी मोटारसायकल घ्यावयाची आहे. रोज कारखान्यास जाणे-येणे, रविवारी आईस मिस्सेला नेणे, आणि वर्षातून चार-पाच वेळा पत्नीसह लांबचा प्रवास करणे, कधी चोर्ल्याच्या घाटाने गोव्यास तर कधी आंबोलीमार्गे सावंतवाडीकडे, ही तिन्ही कामे एकाच वाहनाने सुखाने व्हावीत अशी त्यांची अपेक्षा आहे. इंजिन किती घनसेंटीमीटरचे असावे, ताकद किती, टाकी केवढी, हे सर्व त्यांनी तपशीलवार विचारले आहे. आणि पत्राच्या अगदी अखेरीस, जणू सहज आठवले म्हणून, एक ओळ घातली आहे: "मंडळींची पाठ हल्ली दुखते, तेव्हा सीट जरा बरी असावी."

आमच्या मते साऱ्या पत्राचा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. मोटारसायकलीविषयी सल्ला विचारतो तो चालविणारा आणि सल्ला देतो तोही दुसरा एखादा चालविणाराच. मागे बसणाऱ्या व्यक्तीस कोणी विचारीत नाही. चालविणाऱ्याच्या हातांस हँडलचा आधार असतो, त्याचे गुडघे टाकीस टेकलेले असतात, पुढचा खड्डा त्यास आधी दिसतो आणि तो अंग सावरून घेतो. मागच्या व्यक्तीस यांपैकी काहीच लाभत नाही. खड्डा तिला कळतो तो कमरेत बसल्यावर, आणि ब्रेक लागणार हे कळते तो लागल्यावर. तेव्हा सुखाची मोटारसायकल घ्यावयाची असेल तर ती मागच्या आसनावरून निवडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढच्यास जे सुखाचे वाटते ते मागच्यास तसे वाटेलच असे नाही; उलट मागच्यास सोसेल असे वाहन पुढच्यास बहुधा जाचत नाही.

परंतु त्याआधी 'दुसरी' या शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. पहिलीने पुढे काय करावयाचे हे ठरल्याशिवाय दुसरी कशी असावी हे ठरत नाही. पत्रलेखक बंधूंची बुलेट जुन्या घडणीची आहे. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. पहिला गिअर वर, पुढचे तीन खाली. आज जी कोणतीही नवी मोटारसायकल दुकानात मिळेल तिचा गिअर डाव्या पायाशी असून ब्रेक उजवीकडे आहे, आणि बहुतेक गाड्यांत पहिला गिअर खाली व उरलेले वर आहेत. म्हणजे बाजूही उलटी आणि क्रमही उलटा. शांतपणे चालविताना माणसास याची सवय होते; दोन्ही प्रकारच्या गाड्या लीलया चालविणारे पुष्कळ जण आहेत. पण पोर एकाएकी रस्त्यावर धावून आले म्हणजे पाय विचार करीत नाही, सवयीने पडतो. आणि तो ब्रेकऐवजी गिअरवर पडला तर त्या क्षणी सांगावयास वेळ नसतो. म्हणून दोन गाड्यांत कामाची वाटणी काटेकोर असावी. रोजची ये-जा आणि मागे माणूस घेणे ही दोन्ही कामे नव्या गाडीकडे द्यावीत. जुन्या बुलेटवर एकट्याने, सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर आठवड्यातून एकदा फेरी मारावी. तेवढ्याने तिचे तेलही फिरते आणि वडिलांची आठवणही ताजी राहते. घाईच्या दिवशी, सकाळी एक आणि सायंकाळी दुसरी, असे मात्र करू नये.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. एस.टी. मोटारीच्या शेवटच्या बाकावर ज्याने प्रवास केला आहे त्यास मोटारसायकलीच्या मागच्या आसनाचे शास्त्र निराळे शिकविण्याची गरज नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये बसलेल्या उतारूस धक्का थोडा लागतो. मागच्या चाकाच्या थेट वर किंवा त्याच्याही पलीकडे जो बसला आहे तो उडतो. मोटारसायकलीतही हेच. गाडी बाजूने पाहावी, मागच्या चाकाच्या आसाची रेषा मनाने वर न्यावी, आणि बसणारी व्यक्ती त्या रेषेच्या पुढे येते की मागे, हे पाहावे. पुष्कळशा दिखाऊ गाड्यांत मागचा भाग उंच आणि आखूड केलेला असतो, त्यामुळे मागची व्यक्ती आसाच्या वर जणू माचीवर बसविल्यासारखी होते. दुकानातील चकचकीत फरशीवर हा दोष दिसत नाही.

आसाच्या खालोखाल महत्त्व पाय ठेवण्याच्या खुंट्यांस, म्हणजे फूटरेस्टला आहे. फूटरेस्ट फार उंच असले तर गुडघे दुमडून माणूस उकिडवा बसल्यासारखा होतो आणि सारे वजन माकडहाडावर येते. तळपाय पूर्ण टेकून मांडी जवळजवळ आडवी राहील इतपत खाली ते असावेत. काही जुन्या लहान गाड्यांत मागचे फूटरेस्ट चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यावरच बसविलेले असत. चाक उडाले की पायही उडत. नव्या गाडीत ते मुख्य सांगाड्यास जोडलेले आहेत ना, एवढे वाकून पाहण्यास कोणी हरकत घेणार नाही.

आसनाच्या मऊपणाविषयी तर मोठाच गैरसमज आहे. अंगठ्याने दाबून 'वा, काय मऊ' असे म्हणून गाडी घेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. अतिमऊ फोम पहिली दहा मिनिटे गादीसारखा वाटतो. पाऊण तासात तो दबून खालचा पत्रा लागू लागतो. त्यापेक्षा रुंद, सपाट आणि जरा घट्टसे आसन लांबच्या वाटेस बरे. ते पुढच्या बाजूस उतरते नसावे. उतरत्या आसनावरून प्रत्येक ब्रेकसरशी मागची व्यक्ती पुढे घसरते, चालविणाऱ्याच्या पाठीवर आदळते, पुन्हा मागे सरकते. चोर्ल्याच्या उतारावर ही क्रिया शेकडो वेळा घडते, आणि पनवेलीसारखी नाजूक पाठ असलेल्या माणसाने ती सोसावी अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

धरावयास मजबूत कडी हवी, हे सांगावयास नकोच. गोव्यातील पायलट लोकांकडे या बाबतीत पाहण्यासारखे आहे. पुढचा मडगार्ड पिवळा रंगविलेली मोटारसायकल घेऊन तेथे हे लोक भाड्याने उतारू नेतात. त्यांच्या मागे बसणारा माणूस परका असतो. तो चालविणाऱ्याच्या कमरेस मिठी मारणार नाही, त्यास धरावयास काहीतरी लागते, आणि चढता-उतरताना त्याचा पाय अडकून चालत नाही. पोट ज्याचे मागच्या आसनावर अवलंबून आहे तो माणूस गाडीच्या रुबाबापेक्षा आसनाच्या सपाटपणाकडे अधिक लक्ष देतो. मडगाव किंवा पणजीच्या स्टँडवर उभे राहून त्यांच्यापैकी एखाद्यास दोन प्रश्न विचारले तर कोणत्याही जाहिरातीहून अधिक कळेल.

पत्रलेखकांच्या मातुश्री साडी नेसतात आणि अर्थातच एका बाजूस पाय सोडून बसतात. या बैठकीचा विचार परदेशी आराखडे काढणाऱ्यांनी क्वचितच केलेला असतो, आपल्या कायद्याने मात्र केलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाप्रमाणे प्रत्येक मोटारसायकलीस मागच्या प्रवाशासाठी पक्की कडी, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण असलेच पाहिजे, जेणेकरून कपडे चाकात गुंतणार नाहीत. हेच आपले साडीगार्ड. गाडी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ते काढून माळ्यावर टाकण्याची जी तरुणांत चाल आहे तिचा आम्हांस मनापासून राग येतो. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर ती काढावयास सवड मिळत नाही. गळ्याभोवतीचा फेरा आवळतो किंवा माणूस खाली ओढला जातो. साडीगार्डमुळे गाडी बेडौल दिसते असे ज्यास वाटते त्याने गाडीवर एकट्यानेच बसावे.

एका बाजूस बसण्याचे आणखी दोन परिणाम ध्यानात घेतले पाहिजेत. सारा भार डावीकडे झुकतो आणि सावकाश वळताना गाडी डावीकडे ओढते. वजनदार गाडीपेक्षा हलकी गाडी येथे सावरावयास सोपी. दुसरे असे की त्या बैठकीत कंबर डावीकडे आणि मान समोर अशी पिळलेली असते. मिस्सेला जाण्यापुरते ते ठीक आहे, पण शंभर-सव्वाशे किलोमीटर तसे बसणे पाठ दुखणाऱ्या स्त्रीस योग्य नाही. पत्रलेखकांच्या सौभाग्यवती गोव्याच्या वाटेवरही तशाच बसत असतील तर पाठदुखीचे एक कारण तेथेच आहे, आणि ते कोणतेही नवे इंजिन दूर करणार नाही. दोन्ही बाजूंस पाय टाकून बसता येईल असा पोशाख त्या प्रवासापुरता करावा, दर पाऊण तासाने उतरून चार पावले चालावे, आणि मणक्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांस विचारावे.

आता प्रत्यक्ष गाड्यांविषयी. पत्रलेखकांच्या मनात बसकी, पाय पुढे टाकून चालवावयाची, आरामखुर्चीसारखी गाडी भरलेली दिसते. २००५ साली बजाजची अव्हेंजर आली तेव्हापासून या घडणीने आपल्याकडील मध्यमवयीन गृहस्थांस मोहिनी घातली आहे, आणि २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या रॉयल एन्फील्डच्या मीटिऑर ३५० ने ती मोहिनी वाढविली. मीटिऑरचे आसन जमिनीपासून ७६५ मिलिमीटर, म्हणजे बुटक्या माणसाचेही दोन्ही पाय टेकतात. मातुश्रींस चढणे सोपे. टाकी १५ लिटरांची. काही प्रकारांत मागे पाठटेकूही मिळतो. इंजिनात तोल साधणारा दांडा घातल्यामुळे जुन्या बुलेटची ती हाडे खिळखिळी करणारी थरथर उरलेली नाही. वजन १९१ किलो. हे सर्व खरे असले तरी बसक्या गाडीचा एक मूलभूत दोष दुकानदार सांगत नाही. पाय पुढे असले म्हणजे गतिरोधकावर चालविणाऱ्यास फूटरेस्टवर किंचित उभे राहता येत नाही, आणि बसके आसन साधण्यासाठी मागच्या शॉकपची हालचाल बहुधा आखूड ठेवावी लागते. त्याच कारखान्याची २०२३ च्या जानेवारीत आलेली सुपर मीटिऑर ६५० पाहा. आसन अवघे ७४० मिलिमीटर उंच, दिसावयास राजेशाही, परंतु मागच्या चाकाची खालीवर होण्याची मर्यादा १०१ मिलिमीटर. आणि वजन २४१ किलो! हमरस्त्यावर ती सुखाची. जांबोटी-कणकुंबीच्या खड्ड्यांत तीच पाठीची शत्रू होईल, आणि उद्यमबागेच्या फाटकापाशी रोज तिला वळविणे हा वेगळाच व्यायाम होईल.

याच्या अगदी उलट टोकास २०२३ च्या नोव्हेंबरात आलेली हिमालयन ४५०. तिची दोन्ही चाके २०० मिलिमीटर खालीवर होतात, त्यामुळे खराब रस्त्यावर मागच्या माणसाचे हाल सर्वांत कमी. पण तिचे आसन ८२५ मिलिमीटर उंच. मागचे त्याहून वर. साडी नेसलेल्या वृद्ध मातुश्रींनी त्यावर चढावे कसे? पत्नीसाठी ती उत्तम आणि आईसाठी निरुपयोगी, असा हा पेच आहे. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स ही अडीचशे घनसेंटीमीटरची गाडी वजनाने १६७ किलो, म्हणजे हलकी, पण उंची तिचीही ८३५.

मधला मार्ग, आमच्या समजुतीप्रमाणे, साध्या सरळ बैठकीच्या साडेतीनशेच्या गाड्यांत सापडतो. होंडाची हायनेस सीबी ३५० ही १८१ किलोची, ८०० मिलिमीटर उंचीची, १५ लिटरांची टाकी आणि लांब सलग आसन असलेली गाडी आहे. २०२३ साली नव्या इंजिनासह आलेली बुलेट ३५० ही १९५ किलो वजनाची आणि ८०५ मिलिमीटर उंचीची असली तरी तिचेही आसन जुन्या पद्धतीचे सलग, सपाट आहे. क्लासिकप्रमाणे मागच्यासाठी निराळी गादी नाही. वडिलांच्या बुलेटशेजारी दुसरी बुलेट उभी राहिली तर पत्रलेखकांस गंमतही वाटेल, मात्र गिअर-ब्रेकचा वर सांगितलेला धोका अशा जोडीत सर्वांत अधिक, कारण दोन्ही गाड्या दिसावयास बहिणी-बहिणी. या सर्व गाड्या एका लिटरात साधारण तीस-पस्तीस किलोमीटर जातात आणि किमती दोन लाखांच्या मागेपुढे आहेत. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून ३५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या दुचाकींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आणि त्यावरील दुचाकींवर ४० टक्के झाला. तेव्हा हिमालयन किंवा सुपर मीटिऑर घेणाऱ्याने हा फरक गाठीस बांधूनच दुकानाची पायरी चढावी. आम्हांस निवड करावयास सांगितली तर आम्ही होंडाकडे झुकू, ते मुख्यतः वजनासाठी. मागे माणूस बसवून गाडी हातांनी मागे ढकलताना दहा-पंधरा किलोंचा फरक हाडांस कळतो.

येथे कोणी म्हणेल की रोजच्या सहा-सात किलोमीटरांस आणि आईच्या मिस्सेला होंडा शाइनसारखी सव्वाशे घनसेंटीमीटरची, सव्वाशे किलोच्या आतली गाडी पुरे आहे. गोव्यास कदंबाच्या बसने जावे. यात तथ्य आहे. वर्षातील तीनशे दिवसांचे काम लक्षात घेतले तर हाच हिशेब शहाणपणाचा ठरेल, आणि ज्यांना प्रवासाची हौस नाही त्यांनी तो निःशंक स्वीकारावा. गिअर नसलेली स्कूटर तर आईस चढावयास आणखी सोपी; फक्त तिची दहा-बारा इंची लहान चाके खड्ड्यात पूर्ण उतरतात, सतरा-एकोणीस इंची चाके तो ओलांडून जातात. पण पती-पत्नींनी डोंगरातून एकत्र जाण्याची ज्यांना गोडी आहे त्यांना केवळ बचतीचे गणित सांगून गप्प करणे आम्हांस पटत नाही.

मुलीविषयीचा मजकूर मात्र हौसेत बसत नाही. "तीन वर्षांची मुलगी आम्हां दोघांत मावते," असे पत्रात आहे. मावते खरे, कायद्यात मावत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे चालविणाऱ्याखेरीज एकच व्यक्ती, तीही त्याच्यामागे पक्क्या आसनावर, नेता येते. शिवाय २०२३ च्या १५ फेब्रुवारीपासून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलास दुचाकीवर नेताना चालविणाऱ्याशी बांधणारा पट्टा व मुलाच्या मापाचे हेल्मेट सक्तीचे असून वेग ताशी ४० किलोमीटरांपुढे न्यावयाचा नाही. चार वर्षांवरील प्रत्येकास, म्हणजे मातुश्रींसही, हेल्मेट हवेच. मुलगी बरोबर असेल त्या दिवशी बसच बरी.

गाडी घेतल्यावरही मागच्या आसनाची चाकरी संपत नाही. एकट्यासाठी जी हवा चाकात पुरते ती दोघांस पुरत नाही. दोघांसाठी किती भरावयाची हे गाडीवरच चिकटविलेल्या पत्रकात किंवा पुस्तिकेत छापलेले असते, आणि ते वाचणारा मनुष्य आम्हांस अद्याप फारसा भेटला नाही. मागच्या शॉकपला खाचा असलेली कडी असते. गाडीबरोबर मिळणाऱ्या हुकाच्या पान्याने ती एक-दोन खाचा फिरविली की स्प्रिंग घट्ट होते व दोघांच्या भाराने मागचा भाग बसत नाही. तो बसला की पुढच्या दिव्याचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपवितो, हेही अनेकांस ठाऊक नसते. सामान मागे टोकास उंच बांधू नये, त्याने पुढचे चाक हलके होते. ते दोन्ही बाजूंस खाली, आसाच्या पुढे येईल असे असावे. अर्थात डावीकडे पिशवी टांगलेली असेल त्या दिवशी मातुश्रींना पाय सोडून बसता येणार नाही. चाके घेताना आऱ्यांच्या तारांची शोभा सोडून ओतीव चाके व ट्यूबलेस टायर घ्यावेत. कणकुंबी ओलांडून केरीच्या दिशेने घाट उतरू लागल्यावर ट्यूबचा टायर फुटला तर चाक खोलावे लागते, आणि तेथे फिटर शोधणे हे पत्नीच्या सहनशीलतेचे परीक्षण आहे. ट्यूबलेसमधील हवा सावकाश जाते. एवढी सवड बहुधा पुरते. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ घनसेंटीमीटरवरील प्रत्येक नव्या दुचाकीस चाक जखडू न देणारी एबीएस योजना सक्तीची झाली असली तरी ती एकाच चाकास असली तरी कायद्याचे समाधान होते. घाट उतरणाऱ्याने दोन्ही चाकांस ती असलेला प्रकारच घ्यावा. मागे माणूस असताना मागच्या चाकावर भार अधिक असतो आणि त्या ब्रेकचा उपयोगही अधिक होतो.

चाचणीफेरीस पत्रलेखकांनी पत्नीस बरोबर न्यावे. दुकानदार एका चौकातून दुसऱ्या चौकापर्यंत फिरवून आणू पाहील. त्याने भागणार नाही. निदान अर्धा तास, गतिरोधक आणि खराब रस्ता असलेल्या वाटेने जावे, आणि परत आल्यावर प्रथम त्यांचे म्हणणे ऐकावे. पावलांस मुंग्या आल्या का, कडी हातास बरोबर सापडली का, सायलेन्सरची धग पायास लागली का? मातुश्रींस दुकानात नेऊन नुसते एकदा चढ-उतार करावयास सांगावे.

आणि शेवटी विमा. हा भाग आम्ही मुद्दाम राखून ठेवला, कारण पत्रात त्याचा शब्दही नाही. आपल्या देशात तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि पुष्कळ जण, विशेषतः जुन्या गाडीसाठी, तेवढाच उतरवितात. तो विमा आपल्या गाडीने इतरांचे जे नुकसान होईल त्याच्यासाठी आहे. मागे बसलेली आपली पत्नी किंवा आई ही त्यातील 'इतर' नव्हे. केवळ कायद्यापुरत्या विम्यात, भाडे न देता मागे बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी विमाकंपनीवर येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला आहे. सर्वसमावेशक पॉलिसीत मात्र मागची व्यक्ती येते. विमा नियामक संस्थेने २००९ साली कंपन्यांस तसे स्पष्ट कळविले. आता गोम अशी आहे: २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीबरोबर तृतीय पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग सामान्यतः दर वर्षी नव्याने भरावयाचा असतो. पाच वर्षांचा कागद हाती असल्याने मनुष्य निर्धास्त राहतो, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरतो, आणि मग उरतो तो केवळ कायद्यापुरता विमा. पोलिसाने अडविले तर तो कागद चालतो. अपघात झाला तर मागच्या आसनावरच्या माणसास तो काहीच देत नाही.

म्हणून नवी गाडी घेताना दर वर्षीच्या नूतनीकरणाची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि मागच्या प्रवाशासाठी वैयक्तिक अपघाताचे जादा संरक्षण थोड्या पैशांत जोडून मिळते, ते विमा-प्रतिनिधीकडे नाव घेऊन मागावे. आपण होऊन तो बहुधा सांगत नाही. जुन्या बुलेटची पॉलिसीही या रविवारी कपाटातून काढून पाहावी. तीवर फक्त तृतीय पक्ष असे लिहिलेले आढळले तर ते बदलून येईपर्यंत त्या गाडीच्या मागे कोणासही बसवू नये.